गरोदरपणातील थकवा : विसावाही हवा, हालचालही हवी



हे पत्रक नवराबायकोने दोघांनी मिळून वाचावे. एकाला वाचता येत नसेल तर दुसऱ्याने वाचून दाखवावे. विषय बाईच्या थकव्याचा आहे, पण तो एकट्या बाईचा नाही. घरात पाळणा हलणार तो दोघांचा, तेव्हा त्यासाठी होणारे कष्टही दोघांनी वाटून घेतले पाहिजेत.

कापूस फुटला की वऱ्हाडात बायांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पहाटे सडा-झाड, पाणी भरणे, भाकरी थापणे. मग दिवसभर वावरात कमरेला ओटी बांधून वेचणी. सांजेला डोक्यावर सरपण घेऊन घर गाठायचे आणि पुन्हा चुलीपुढे बसायचे. अशा बाईला दिवस गेलेले असले आणि ती म्हणाली, "आजकाल लय थकवा येते," तर घरातून उत्तर येते, "सगळ्याच बायांले येते, तुलेच काय नवल?" मग ती दुसऱ्यांदा बोलत नाही. न बोललेला थकवा अंगात साचत जातो. कधी कधी त्या थकव्याच्या आड खरे दुखणे लपलेले असते आणि ते कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून तीन गोष्टी समजून घेऊ. कोणता थकवा साधा आणि कोणता धोक्याचा? गरोदर बाईने किती विसावा घ्यावा आणि किती हालचाल करावी? आणि हा थकवा पाठोपाठच्या बाळंतपणांनी वाढू नये म्हणून नवराबायकोने काय ठरवावे?

थकवा म्हणजे आळस नव्हे

गर्भ राहिला की बाईचे शरीर रात्रंदिवस जादा काम करू लागते. बाळाला पोसणारी वार तयार होते. अंगातील रक्त हळूहळू वाढून जवळजवळ दीडपट होते. एवढे रक्त फिरवायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. बाई बाजेवर नुसती पडलेली दिसली तरी तिच्या अंगात काम चालूच असते. तेव्हा ती दुपारी लवंडली तर ती कामचुकार आहे असे कोणी समजू नये.

आपल्या गोठ्यात म्हैस गाभण राहिली की आपण तिला ढेप-सरकी जास्त घालतो. तिला दूर चरायला हाकलत नाही, तिच्या पाठीवर काठी उगारत नाही. गोठ्यातले हे शहाणपण घरातही आले पाहिजे.

तीन काळ, तीन तऱ्हा

पहिले तीन महिने. या काळात पोट दिसत नाही, म्हणून घरच्यांना काही बदलले असे वाटत नाही. पण झोप अनावर होते, मळमळते, अन्नाचा वास नको होतो. शरीरातील काही रस, ज्यांना हार्मोन म्हणतात, ते वाढल्याने असे होते. सकाळी उठल्याबरोबर मूठभर फुटाणे, मुरमुरे किंवा कोरड्या भाकरीचा तुकडा खावा. एकदम पोटभर जेवण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर उपकेंद्रात जावे.

चौथा ते सहावा महिना. बहुतेकींना या काळात बरे वाटते. भूक लागते, अंगात उत्साह येतो. चालण्या-फिरण्याची सवय लावायला हाच काळ चांगला. मात्र बरे वाटते म्हणून पाण्याचे भरलेले गुंड आणि कापसाची गाठोडी पुन्हा डोक्यावर घेऊ नयेत.

सातवा ते नववा महिना. पोटाचा भार वाढतो, कंबर दुखते, रात्री वारंवार लघवीला उठावे लागते आणि झोपमोड होते. पावलांवर थोडी सूज येते. या काळात दिवसाचा विसावा वाढवावा आणि कामे कमी करावीत.

एवढा थकवा साधा समजावा. झोप झाली, पोटात अन्न गेले, थोडे बसले की तो उतरतो. विश्रांती घेऊनही जो उतरत नाही त्याची तपासणी करून घ्यावी.

थकव्यामागचे मोठे कारण : अंगात रक्त कमी

२०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभर गरोदर स्त्रियांपैकी बावन्न स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींत एक. आपल्या गल्लीतील गरोदर बाया मोजा, म्हणजे हा आकडा किती जवळचा आहे ते कळेल.

रक्तातील हिमोग्लोबिन गरोदरपणात किमान ११ ग्रॅम असावे. ते ११ च्या खाली गेले की रक्त कमी आहे असे समजतात. ७ च्या खाली गेले तर तो गंभीर आजार असतो. मग घरी थांबायचे नाही, रुग्णालयात जायचे. अशा बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी जिवावर बेतते. बाळही कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे होऊ शकते.

रक्त कमी असल्याच्या खुणा अशा : थोडे चालले तरी धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. जीभ, नखे आणि डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू फिकी दिसते. काहींना माती, राख, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ही खोड नाही. अंगात लोह कमी झाल्याची ती खूण असू शकते. बाईला त्यावरून बोल लावू नये, तिचे रक्त तपासावे.

उपाय साधा आहे आणि सरकारी केंद्रात मोफत मिळतो.

१. पहिले तीन महिने फॉलिक ॲसिडची गोळी. चौथा महिना लागला की लोहाची गोळी रोज एक, असे १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा शिरेतून लोहाचे इंजेक्शन देतात.

२. लोहाची गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. अमरावती जिल्ह्यात संत्र्यांना तोटा नाही. हंगामात गोळीबरोबर संत्रे खावे. लिंबू-संत्र्याच्या आंबट रसाने लोह अंगी लागते.

३. चहाने लोह अंगी लागत नाही. गोळीच्या आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा घेऊ नये.

४. चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या जातात. त्या आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नयेत. मध्ये दोन तास जाऊ द्यावेत.

५. पोटात जंत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही. जंताची गोळी चौथ्या महिन्यानंतर नर्सबाईंच्या सल्ल्याने घ्यावी. शौचाला आणि वावरात जाताना पायात चप्पल घालावी.

विदर्भात सिकलसेलचा आजारही बराच आढळतो. हा आजार आईबापांकडून मुलांत उतरतो. नेहमीच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, सांधे दुखत असतील, तर सिकलसेलची तपासणी करावी. तपासणी दोघांनीही करावी, कारण दोघांच्या रक्तात दोष असला तर मुलाला आजार होण्याचा संभव असतो.

थायरॉईड, साखरेचा आजार, हिवताप यांनीही थकवा येतो. मन उदास राहणे, रडू येणे, कशातच जीव न लागणे हेही थकव्याचे एक रूप आहे. "नखरे करते" म्हणून ते उडवून लावू नये. आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावे. त्यालाही औषध आहे.

ताटात काय असावे

बाजारातून महाग डबे आणण्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, पालक, अंबाडी, तांदुळजा किंवा शेवग्याची भाजी, वर लिंबाची फोड. मधल्या वेळी गूळ-शेंगदाणे, भाजलेले फुटाणे, तिळाची चटणी, ताक. मूग किंवा मटकीला मोड आणून खावे. खात असतील त्यांनी अंडी, मासे, मटण खावे. रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त समजावे. दिवसाला आठ-दहा पेले पाणी प्यावे.

घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले खायचे, ही रीत या नऊ महिन्यांत तरी मोडावी. गरोदर बाईने सगळ्यांबरोबर बसावे आणि तिच्या ताटात वरण आधी वाढावे. अंगणवाडीतून मिळणारा पोषण आहार तिच्यासाठी आहे, घरातील इतरांसाठी नाही. धारणी-चिखलदऱ्यासारख्या आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना अंगणवाडीत चौरस ताजे जेवण देण्याची सोय झाली. तिकडच्या बहिणींनी त्या जेवणाला जरूर जावे.

विसावा कसा घ्यावा

रात्री आठ तास झोप आणि दिवसा दोन तास पडणे, एवढा विसावा गरोदर बाईला मिळाला पाहिजे. दोन तास एकदम मिळत नसतील तर चार वेळा अर्धा-अर्धा तास घ्यावा. वावरात असाल तर दुपारच्या भाकरीनंतर झाडाच्या सावलीत कुशीवर पडावे.

पोट मोठे झाल्यावर उताणे निजू नये. पोटाच्या भाराने मोठ्या रक्तवाहिनीवर दाब पडतो, घेरी येते आणि बाळाला रक्त कमी पोचते. कुशीवर निजावे, डावी कूस जास्त चांगली. दोन्ही गुडघ्यांमध्ये जुन्या लुगड्याची घडी ठेवली तर कंबर हलकी होते. झोपेत उताणे झाले तर घाबरू नये, जाग आल्यावर कूस बदलावी. उठताना आधी कुशीवर वळावे, हात टेकून बसावे, मग उभे राहावे. एकदम उठले तर अंधारी येते.

हालचाल कशाला?

कोणी म्हणेल, "एवढा थकवा हाये तं पडूनच राहावं की!" तसे नाही. सतत पडून राहिले तर अंग जड होते, शौचाला साफ होत नाही, रात्री झोप लागत नाही आणि थकवा उलट वाढतो. बेताच्या हालचालीने कंबरदुखी कमी होते, साखर आणि रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते, मन प्रसन्न राहते आणि बाळंतपणाच्या कळा सोसायला बळ येते. प्रकृती चांगली असलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्याला मिळून सुमारे दीडशे मिनिटे बेताची हालचाल करावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्ला आहे. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास.

येथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. "आमची बाई दिवसभर वावरात राबते, तिले कायचा व्यायाम?" असे पुरुष म्हणतात. त्यात अर्धे खरे आहे. दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बाईला आणखी कष्टांची गरज नाही. पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. निंदणात कंबर एकाच बाजूला वाकते, अंग उन्हात तापते, मर्जीने थांबता येत नाही. व्यायामात अंग सगळ्या बाजूंनी मोकळे होते आणि थकले की थांबता येते. तेव्हा वावरात जाणाऱ्या बाईने विसावा वाढवून अंग मोकळे करण्याच्या हालचाली कराव्यात. घरीच बसून काम करणारीने चालणे वाढवावे.

पाच सोप्या हालचाली

१. चालणे. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे, मग हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. चालताना सोबतिणीशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर चाल कमी करावी. वैशाखात अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून सूर्य उगवण्याआधी किंवा मावळल्यानंतरच चालावे.

२. पावले फिरवणे. भिंतीला टेकून पाय लांब करून बसावे. पावले पुढे-मागे दहा वेळा हलवावीत, मग गोल फिरवावीत. पायांची सूज आणि गोळे कमी होतात.

३. खांदे फिरवणे. बसून दोन्ही खांदे वर, मागे, खाली असे दहा वेळा फिरवावेत. मान आणि पाठ मोकळी होते.

४. मांजराची बैठक. चटईवर गुडघे आणि तळहात टेकून मांजरासारखे व्हावे. श्वास सोडताना पाठ हळू वर उचलावी, श्वास घेताना पुन्हा सरळ करावी. पाच ते दहा वेळा. कंबरदुखीला याने आराम पडतो.

५. खालचे स्नायू आवळणे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच मोजेपर्यंत आवळून धरावेत आणि सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करत असताना मात्र हे करू नये. बाळंतपणानंतर खोकताना लघवी होणे, अंग बाहेर येणे असे त्रास यामुळे कमी होतात.

रक्तस्राव झालेला, वार खाली असल्याचे डॉक्टरांनी सांगितलेले, पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला, जुळी बाळे, मागचे बाळंतपण दिवस भरण्याआधी झालेले, रक्तदाब वाढलेला, हृदयाचा आजार किंवा रक्त फार कमी, अशा बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम करू नये.

कोणती कामे करावीत, कोणती टाळावीत

करायला हरकत नाही : बसून भाजी निवडणे, धान्य पाखडणे, हलका स्वयंपाक, अंगण झाडणे, हलकी वेचणी. पण मध्ये मध्ये थांबून आणि ओटी भरण्याआधीच रिकामी करून.

टाळावे : भरलेले गुंड, सरपणाचे भारे, कापसाची गाठोडी उचलणे, तासन् तास उभे राहणे किंवा वाकून राहणे, भर उन्हातले काम, झाडावर, शिडीवर चढणे, धुराने कोंडलेल्या चुलीपुढे बसणे.

फवारणी तर अजिबात नको. फवारणी करणे, औषध कालवणे, पंपात पाणी भरून देणे, फवारलेल्या वावरात लगेच शिरणे, फवारणीचे कपडे धुणे, या सगळ्यांपासून गरोदर बाईला दूर ठेवावे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काहींचे प्राण गेले. जे विष धडधाकट पुरुषाला आडवे करते ते पोटातील बाळाचे काय करील, याचा विचार करावा.

मजुरीचा प्रश्न खरा आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून बाई थांबत नाही. यासाठीच प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळाच्या वेळी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी आणि मातेला विसावा मिळावा, हा त्यामागचा हेतू आहे. अटी आणि कागदपत्रे आशाताईंकडून समजून घ्यावीत. ते पैसे तिच्या खाण्यावर आणि विश्रांतीवरच खर्च व्हावेत.

पतीने काय करावे

पाणी तुम्ही भरा, सरपण तुम्ही आणा. मोठे मूल असेल तर त्याला सांजेला तुम्ही सांभाळा. गोळी घेतली का, हे रोज रात्री विचारा. तपासणीला तिला एकटी धाडू नका, सोबत जा. तिसरा महिना संपण्याआधी नाव नोंदवा आणि किमान चार तपासण्या करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातून डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती तारीख ध्यानात ठेवा. तपासणीत रक्त, रक्तदाब, वजन आणि लघवी पाहिली जाते. थकलेल्या पत्नीने शरीरसंबंधाला नाही म्हटले तर तिच्या म्हणण्याचा मान ठेवा.

सासूबाईंनाही दोन शब्द. तुम्ही म्हणाल, "आमी तं वावरातून आलो अन् बाळंत झालो." खरे आहे. तुम्ही सोसले. पण त्या काळी किती बाया बाळंतपणात दगावल्या, किती बाळे पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत, हेही तुम्हीच पाहिले आहे. जे तुम्हाला मिळाले नाही ते सुनेला द्या. तुमच्या एका शब्दाने तिला दुपारचा विसावा मिळेल.

गाव काय करू शकते

गुरुकुंज मोझरीच्या मातीत गावाने मिळून काम करण्याची रीत जुनी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापिला आणि येथून गावोगाव श्रीगुरुदेव सेवामंडळे उभी राहिली. त्यांच्या ग्रामगीतेत गावाची स्वच्छता, आरोग्य आणि स्त्रियांची उन्नती हे विषय गावाच्या कामात धरले आहेत. सांजेच्या सामुदायिक प्रार्थनेला जेथे गाव जमते, तेथे महिन्यातून एकदा दहा मिनिटे हा विषय काढता येईल. गावात गरोदर बाया किती, कोणाची तपासणी राहिली, रात्री गरज पडली तर गाडी कोणाची, एवढे ठरले तरी पुष्कळ झाले.

गरोदर बहिणींनी प्रार्थनेला चालत जावे, हाही व्यायामच आहे. मात्र मांडी घालून फार वेळ एकाच जागी बसू नये, पाय मोकळे करावेत. दिवाळीच्या आधी पुण्यतिथी महोत्सवाला मोझरीत मोठी गर्दी होते. शेवटच्या महिन्यांत त्या दाटीत शिरू नये. दर्शनाला जायचे तर गर्दी नसलेल्या दिवशी जावे.

हे दिसले तर एक घटकाही थांबू नका

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, तोंडाला आणि हातांना सूज, झटके. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे. एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि वेदना. ताप. दिवस भरण्याआधी पोटात कळा. बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे. यांपैकी काहीही झाले तर काम आणि व्यायाम थांबवा आणि १०२ किंवा १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची सोय २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे.

पाळणा लांबवा, थकवा टाळा

एवढे सगळे केले आणि बाळ वर्षाचे होण्याआधी पुन्हा दिवस गेले, तर केलेले निम्मे वाया जाते. का ते हिशेबाने पाहा.

एका गरोदरपणात बाईच्या अंगाला सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह लागते. हा साठा एका महिन्यात भरून येत नाही. समजा, एका जोडप्याला सहा वर्षांत तीन मुले झाली. वर्षे सहा, म्हणजे महिने बहात्तर. त्यांतले सत्तावीस महिने ती बाई गरोदर होती. उरलेले बहुतेक महिने ती अंगावर पाजत होती. स्वतःचे शरीर भरून काढायला तिला किती महिने मिळाले? जवळजवळ एकही नाही. अशी बाई तिशीतच पन्नाशीची दिसू लागते. मग गोळ्याही पुऱ्या पडत नाहीत.

आज पुष्कळ जोडपी दोन मुलांवर थांबतात, ही चांगली गोष्ट आहे. पण ती दोन मुले पाठोपाठ होतात. थांबण्याइतकेच अंतर महत्त्वाचे आहे. एका बाळंतपणानंतर किमान दोन वर्षे पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत, म्हणजे दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर पडते. तेवढ्यात आईचे रक्त भरून येते, मोठे मूल चालू-बोलू लागते आणि त्याला पोटभर दूध मिळते.

पाळणा लांबविण्याची साधने सरकारी केंद्रात मोफत आहेत. बाळंतपणाआधीच दोघांनी बोलून ठरवावे.

तांबी : बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. एक पाच वर्षे चालते, दुसरी दहा वर्षे. मूल हवे तेव्हा काढता येते.

अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी एक. अंगावर पाजणारीला सहा आठवड्यांनंतर घेता येते.

छाया गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणारीला चालते.

माला-एन गोळी : रोज एक. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने घेऊ नये.

निरोध : नवऱ्याने वापरायचा. गुप्तरोगांपासूनही बचाव होतो.

कुटुंब पूर्ण झाले असेल तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. बिनटाक्याची पुरुष नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे, थोड्या वेळात होते. तरीही आपल्याकडे हा भार बहुधा बाईवरच टाकला जातो. जिने नऊ महिने भार वाहिला, तिच्यासाठी नवऱ्याने एवढे करायला काय हरकत आहे? कोणतेही साधन दोघांच्या राजीखुशीने निवडावे.

शंका आणि समाधान

शंका : लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते म्हणतात?
समाधान : नाही. रंग आईबापांवरून येतो. गोळीने शौचाला मात्र काळे होते, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झाले तर गोळी रात्री घ्यावी, पाणी आणि भाजी वाढवावी. गोळी सोडू नये.

शंका : जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन अडते का?
समाधान : बाई उपाशी राहिली तर बाळ कमजोर होते. साधारण प्रकृतीच्या बाईचे वजन नऊ महिन्यांत ९ ते ११ किलो वाढावे. वजन फार वाढत असेल तर नर्सबाई सांगतील.

शंका : अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत ना?
समाधान : बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी सुरू झाली नसेल, तरच त्यावर भरवसा ठेवता येतो. तीनपैकी एक गोष्ट सुटली की दुसरे साधन हवे.

शंका : "नसबंदीनं मरदाची ताकद जाते, वावरातलं काम होत नाही."
समाधान : हा निव्वळ गैरसमज आहे. दोन दिवसांनी हलके काम आणि आठवड्याने जड काम करता येते. पुरुषत्व पूर्वीसारखेच राहते. फक्त पुढे तीन महिने निरोध वापरावा आणि धातूची तपासणी करून घ्यावी.

लक्षात ठेवा

रोज एक गोळी. रोज दोन तास दिवसाचा विसावा. रोज अर्धा तास बेताने चालणे. महिन्याच्या ९ तारखेला तपासणी. पाण्याचा गुंड नवऱ्याच्या खांद्यावर. दोन मुलांत तीन वर्षे.

आज रात्री जेवणे झाल्यावर नवऱ्याने पत्नीला एवढेच विचारावे, "थकलीस का?" आणि ती जे सांगेल ते पुरते ऐकून घ्यावे. उद्या सकाळी गुंड उचलायला हात पुढे करावा. मग तपासणी झाली नसेल तर दोघांनी मिळून उपकेंद्राची वाट धरावी.